अंबरीशच्या खांद्यामागचे गज

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४. दुपारचे ३ वाजून १० मिनिटे.

एका लग्नाच्या अल्बममधल्या नवरीच्या मामींची दुसरी हनुवटी कमी करत होतो. हे काम लिक्विफाय नावाच्या फिल्टरने करतात. त्यात ब्रशचा गोल घेऊन चित्र ओल्या कणकेसारखे आत किंवा बाहेर ढकलता येते. मामींच्या मागे सरळ खांब होता. तो मी आधी गोठवून घेतला होता, नाहीतर हनुवटीबरोबर खांबही आत येतो. पुष्कळ लोक ही काळजी घेत नाहीत आणि मग मागच्या रेषा वाकतात. तेवढ्यात अविनाश काका दुकानात आले.

काका दुकानाकडे, सदर बाजारात, सहसा येत नाहीत. रांझीला आमच्या मागच्या ओळीत त्यांचे क्वार्टर आहे, फॅक्टरीतून पुढच्या वर्षी रिटायर होतील. आज अर्धी सुट्टी टाकून आले होते. दुकानाचे मालक बापूसाहेब यांनी चहा मागवला. काकांनी तो न घेता माझ्यासमोर मोबाईल धरला.

"सुशांत, तू फोटोतला माणूस. सांग, हा मुलगा असा आहे, का फोटो असा आहे?"

काकांच्या धाकट्या मुलीसाठी, समिधासाठी, बडोद्याचे स्थळ आले आहे; तिचा फोटो पाहून त्यांनी होकार कळवला आहे.

तिच्या मोठ्या बहिणीच्या, दीपाताईच्या वेळी काय झाले ते सगळ्या रांझीला माहीत आहे. फोटोत मुलाच्या कपाळावर केस रुळत होते आणि पाहायला आला तो टोपी घालून, मे महिन्यात. पोहे खाऊन झाले तरी काढली नाही. काका म्हणाले, "एकदा हसं झालं. आता बडोद्याहून माणसं बोलवायची, जेवू घालायचं, अन् मग पाहायचं का कोण येऊन राहिलं? नाही. आधी तू पाहा. तू हो म्हणशील तर बोलावतो."

मी म्हटले, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, बारकावे जातात, मूळ फाइल मागवा. दोन दिवस द्या.

मुलाचे नाव अंबरीश. काका गेल्यावर मामींकडे वळलो तर त्यांची हनुवटी पार गळ्यात गेली होती. पहिल्यापासून केली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मूळ फाइल सकाळी आली. बरोबर काकांनी बायोडेटाही पाठवला, तो मी मागितला नव्हता. तीन वेळा वाचला. इंजिनीअर. वर्षाला अकरा लाख. उंची पाच फूट दहा. छंद: गिर्यारोहण आणि स्वयंपाक. 'गिर्यारोहण'मधल्या पहिल्या अक्षराला दीर्घ वेलांटी दिली आहे. आणि स्वयंपाक हा छंद कसा असेल ते मला कळत नाही. आईची पाठ दुखते म्हणून मी रोज कणीक मळतो, तो छंद नाही.

चेहरा बरा आहे. नाक सरळ आहे, पण सरळ नाक पुष्कळांचे असते. तो एका खिडकीपुढे उभा आहे, खिडकीला उभे गज. डाव्या बाजूला दुसऱ्या कोणाचे तरी कोपर दिसते, म्हणजे हा फोटो मोठ्या फोटोतून कापलेला आहे.

ए-फोर प्रिंट काढून पट्टीने मोजले. गजांमधले अंतर वर बारा मिलिमीटर आहे. खांद्याजवळ चौथ्या आणि पाचव्या गजांत दहाच. दोन्ही गज त्याच्या अंगाकडे वाकलेले. कोणीतरी त्याला आत ढकलले आहे आणि गज गोठवायला विसरले आहे.

मला आनंद झाला असे लिहिणे बरोबर होणार नाही. काम नीट झाल्याचे समाधान झाले. येताना बसमध्ये उभे राहावे लागले, तरी काही वाटले नाही.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये समिधाची आई, प्रतिमा काकू, तिचा फोटो घेऊन आल्या होत्या. "दंड जरा बारीक कर रे, अन् गाल पण." मी फिल्टर उघडला, ब्रश तिच्या दंडावर नेला, वीस मिनिटे तसाच बसलो आणि फाइल होती तशीच दुसऱ्या नावाने सेव्ह केली. काकूंना म्हटले, झाले. त्या स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या, "बघ, किती फरक पडला!" आणि पन्नास रुपये देऊ लागल्या. मी घेतले नाहीत. न केलेल्या कामाचे पैसे घेऊ नयेत. आणि जिथे दोष नाही तिथे दुरुस्ती करू नये. यात दुसरे कारण नाही. मामींच्या बाबतीत दोष होता.

बुधवार, २० नोव्हेंबर

संध्याकाळी प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. वाकलेल्या गजांवर लाल पेन्सिलीने गोल केले होते. काकांनी चष्मा बदलून पाहिले.

"अरे, खरंच! प्रतिमा, पाहा. हे गज पाहा."

"म्हणजे मुलगा लठ्ठ आहे?" काकूंनी विचारले.

"किती आहे ते सांगता येत नाही," मी म्हटले. "बदललाय एवढं नक्की."

"ढोल असेल ढोल!" काका म्हणाले. "अकरा लाखाचा ढोल. मी म्हणत होतो न, बडोद्याची माणसं एवढी गोड काहून बोलून राहिली."

समिधा पलीकडे पलंगावर वह्या तपासत होती. ती रांझीतल्याच शाळेत पाचवीला शिकवते. आम्ही दोघे बारावीपर्यंत एका वर्गात होतो, मग ती पुढे गेली. मी दुसऱ्यांदा बसलो, तेव्हाही गणितात राहिलो. वर न पाहता तिने विचारले, "अन् चेहरा, सुशांत? चेहरा तर तोच आहे न?"

"चेहऱ्याचं खात्रीनं सांगता येत नाही."

खरे तर सांगता येत होते. चेहऱ्याला हात लागलेला नव्हता, कातडीची बारीक छिद्रेसुद्धा जागच्या जागी होती. पण कोणी तसे नेमके विचारले नाही.

काका रविवारी बडोद्याला नकाराचा फोन करणार. रविवारी त्या लोकांकडे सगळे घरी असतात. काकूंनी मला दोनदा पोहे वाढले.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पनागरहून एक मास्तर आले होते. मुलगी चिन्मयी, तिच्या स्थळाचा फोटो तपासायचा होता. काकांनी फॅक्टरीत कोणाला सांगितले, तिथून कळले म्हणे. त्यातही मुलाच्या मागे दाराची चौकट वाकलेली होती. पाच मिनिटांत सांगितले, बदललेला आहे. मास्तरांनी शंभर रुपये ठेवले. मी घेतले.

बापूसाहेब म्हणाले, "क्यों रे, हे फोटोचं दुकान आहे का ठाणं?" पण खूश होते.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

बापूसाहेबांनी नवा मोबाईल घेतला आहे. दुपारी म्हणाले, चलो, दुकानाच्या पेजवर टाकायला सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे. आम्ही बाहेर ओळीत उभे राहिलो. मी नेहमीप्रमाणे कडेला. माझ्यामागे शेजारच्या दुकानाचे शटर होते, ते दिवाळीपासून बंदच आहे. सगळे मावावेत म्हणून त्यांनी फोटो पसरट कोनातून काढला.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला. माझ्या खांद्याजवळ शटरच्या पट्ट्या वाकल्या होत्या. माझ्याकडे झुकल्या होत्या, अगदी चौथ्या गजासारख्या. आणि मला कोणी ढकलले नव्हते. फोटो काढून चार मिनिटे झाली होती.

बापूसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "अरे, तुला माहीत नाही? एवढ्या मोठ्या कोनात कडेच्या माणसाचं तोंड पसरतं, भोपळ्यासारखं. मग नवे फोन आपणहून ते तोंड आवळून घेतात. माणूस ठीक दिसतो, मागचं तिरपं होतं. लोग दीवार थोड़े ही देखते हैं. भिंत पाहणारा तूच एक."

मी अकरा फोटो काढून पाहिले. माणूस मध्ये उभा असेल तर पट्ट्या सरळ. कडेला गेला की वाकतात. अंबरीशच्या डाव्या बाजूला कोणाचे तरी कोपर होते. तो कडेला उभा होता. त्याला कोणीही बदललेले नाही. तो आहे तसाच आहे.

काका उद्या अकरा वाजता फोन करणार आहेत.

दुकानातून निघताना चपलेचा अंगठा तुटला. रांझीपर्यंत बसमध्ये हाच विचार केला की सांगायचे झाल्यास कसे सांगावे. नंतर असा विचार केला की बडोदा लांब आहे, समिधाला तिथे करमणार नाही, तिला गुजराती येत नाही. फोटो खरा असला म्हणजे माणूस चांगला असतो असेही नाही. हे सगळे मुद्दे बरोबर आहेत. मी ते पुन्हा पुन्हा तपासले.

रविवार, २४ नोव्हेंबर

घरीच होतो. मेथी निवडली. अकरा वाजता देठसुद्धा निवडून पातेल्यात टाकले, आई ओरडली. अकराचे साडेअकरा झाले. मागच्या ओळीतून कोणाचा मोठा आवाज आला नाही. काका फोनवर नेहमी ओरडून बोलतात.

आरशात पाहिले. माझे खांदे पडके आहेत. अंबरीशचे नाहीत. आमच्या दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कोणीही, कसलाही फिल्टर न लावता, सांगेल. मी ते ठेवून पाहिले नाहीत. म्हणजे एकदाच पाहिले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर समिधा दुकानात आली. खांद्याला वह्यांची पिशवी. बापूसाहेब बँकेत गेले होते.

"तू म्हणे फोटोचा डॉक्टर झालास?"

"कोण म्हणालं?"

"पूरी रांझी." ती स्टुलावर बसली. "बाबांनी काल फोन नाही केला. मीच करू नाही दिला."

"काहून?"

"काहून म्हणजे? आपला फोटो काय खरा गेला? आईनं माझे दंड तुझ्याकडून बारीक करवले न? त्यांचा खोटा म्हणून आपण नाही म्हणायचं, अन् आपला गेला तो? बाबांना म्हटलं, आधी मी त्यांना सांगते का माझाही फोटो असाच आहे. मग जे होईल ते होईल."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर म्हणतील. सुशांत, पंधरा दिवस झाले मी आरशात पाहून राहिली, का त्यांनी जिला हो म्हटलं ती कोण आहे. मला त्याच पोरीचा राग येऊन राहिला. इतके बारीक दंड कुठून आणू मी?"

ती हसत होती, पण तिने ओढणी दंडावर ओढून घेतली. ते मला पाहवले नाही.

"तुझा फोटो मी बदललाच नाही," मी म्हटले.

"चल!"

मी दोन्ही फाइली उघडल्या, आलेली आणि दिलेली. दोन फोटो एकावर एक ठेवून फरक दाखवायची सोय असते. जिथे फरक असेल तिथे उजेड दिसतो. मी ती लावली आणि सगळी स्क्रीन काळी झाली.

"हे काय, बंद पडलं?"

"नाही. फरक नाही, म्हणून काळं. एका ठिपक्याचाही फरक नाही."

ती पुढे वाकून त्या काळ्या स्क्रीनकडे पाहत राहिली. "काहून नाही बदललास?"

मी म्हटले, "गरज नव्हती."

एवढेच म्हणालो. माझे कान तापले होते. वाटले, आता ती काहीतरी म्हणेल. तिने दंडावरची ओढणी सोडली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांनी मलाच हो म्हटलं?"

आणि हसली. इतक्या वर्षांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते. माझ्याकडे पाहून हसली नाही, स्क्रीनकडे पाहून हसली. तिथे काहीही नव्हते.

उठता उठता ती म्हणाली, "मग त्यांनी काहून बदलला असेल? काही असेल बिचाऱ्यांना लाज वाटण्यासारखं. मी विचारीन नीट. तू सांगितलंस म्हणजे बदललेलाच आहे, तुझी नजर मला माहीत आहे."

इथे मी गप्प बसायला हवे होते. सगळे आपोआप झाले असते. तिचा फोटो खरा, त्याचा खोटा, काकांचा नकार पक्का. तरी मी "थांब" म्हटले. काहून म्हटले ते अजून कळत नाही. बहुतेक ते शेवटचे वाक्य मला सहन झाले नाही.

तिला बाहेर नेले, शेजारच्या शटरपाशी उभे केले आणि पसरट कोनातून फोटो काढला, ती अगदी कडेला येईल असा. आत येऊन मोठा करून दाखवला. तिच्या खांद्याजवळ पट्ट्या वाकल्या होत्या. मी सगळे समजावून सांगितले. पट्टीही दिली, तिने स्वतः मोजले. पाचवीच्या मुलांना दाखवल्यासारखे बोटाने मोजले.

"म्हणजे तू चुकलास."

"हो."

"कधी कळलं?"

"शनिवारी."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले, मला ओठ हलताना दिसले. मग माझ्याकडे पाहिले. रागावली असती तर बरे झाले असते.

"हा माझा फोटो मला पाठव," म्हणाली. मी पाठवला. ती गेली आणि दारातून परत आली, वह्यांची पिशवी राहिली होती. मी पिशवी हातात दिली.

"थँक्यू, भैया," ती म्हणाली.

भैया ती मला आजपर्यंत कधी म्हणाली नव्हती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आले होते, त्याच्यासमोर म्हणून म्हटले असेल.

बुधवार, २७ नोव्हेंबर

काकांना जाऊन सांगितले. त्यांनी लाल गोलांचा कागद कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. "अन् मग हे काय होतं?" मी म्हटले, चूक. काका म्हणाले, "अरे, मी अर्ध्या फॅक्टरीत सांगून आलो का मुलगा ढोल आहे!" मग हसायला लागले. काकूंनी मध्येच विचारले, "अन् पोरीचे दंड तू केलेच नाहीस म्हणे? मला तर फरक दिसला होता." ह्यावर काका आणखीच हसले. पोहे आजही होते. मी खाल्ले नाहीत.

दुपारी पनागरला फोन लावला होता. चिन्मयीच्या वडिलांनी शनिवारीच नकार कळवला आहे. मी त्यांना फोनवर समजावू लागलो, कोन, कड, चौकट. मास्तर म्हणाले, "बेटा, आता त्यांचं दुसरीकडे ठरून राहिलं."

शनिवार, ३० नोव्हेंबर

पनागरला जाऊन शंभर रुपये परत केले. मास्तर घेत नव्हते. टेबलावर ठेवून आलो. ओट्यावर एक मुलगी मटार सोलत होती, तिने मला पाणी दिले. तीच चिन्मयी असावी. मी नाव विचारले नाही.

रविवार, १ डिसेंबर

अंबरीश, त्याचे आईवडील आणि मामा काल रात्रीच्या गाडीने आले. मला फोटो काढायला बोलावले होते. येत नाही म्हणायला कारण सापडले नाही.

तो फोटोत आहे तसाच आहे. उंची पाच दहा लिहिली होती, दाराच्या चौकटीशी पाहता पाच नऊ असेल. बाकी तंतोतंत.

स्वतः उठून माझ्याकडे आला. "तुम्हीच का सुशांत? समिधानं तो शटरचा फोटो काढल्या दिवशीच पाठवला मला. काय हसलो मी! मग ऑफिसात कडेला उभा राहून मी पण करून पाहिलं. तुमच्यामुळे आमचं बोलणं तरी सुरू झालं."

म्हणजे सोमवारीच पाठवला होता तिने. तो फोटो मी काढला होता. त्यात तिच्या तोंडावर चार वाजताचे ऊन आहे आणि ती कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहते आहे. तो माणूस मी होतो. आता तो फोटो त्याच्या मोबाईलमध्ये आहे आणि ती त्याच्याकडे पाहते.

पुढच्या रविवारी साखरपुडा.

मंगळवार, १० डिसेंबर

साखरपुड्याचे दोनशे चाळीस फोटो आहेत, त्यांतून साठ निवडायचे. त्या दिवशी काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता तरी दंड बारीक कर रे बाबा." अंबरीशने ऐकले. म्हणाला, "काकू, जशी आहे तशीच राहू द्या."

हे वाक्य माझे आहे. मी ते ऑक्टोबरमध्ये केले होते, फक्त बोललो नव्हतो.

आज दुपारी त्या दोघांचा अंगठीचा फोटो उघडला. मागची तोरणे गोठवली. ब्रश घेतला आणि त्याचा कान थोडा बाहेर ओढला. आणखी ओढला. नाकही जरा पसरवले. आता तो अगदी विचित्र दिसत होता. समिधा त्याच्याकडे पाहून तशीच हसत होती, पहिल्याइतकीच. बरेच बदलून पाहिले, त्या हसण्यात काही फरक पडेना. मग सगळे रद्द केले आणि फोटो होता तसा अल्बममध्ये लावला. पान सात.

हिशेब, आजपर्यंत.

प्रिंट, ए-फोर, चार: ४०
ऑटो, सदर ते रांझी, काकांना चूक सांगायला: ३०
बस, पनागर, जाणे-येणे: ६०
पनागरला परत केले: १००
शर्ट, साखरपुड्यासाठी: ६५०
एकूण खर्च: ८८०

देणे: बापूसाहेबांना, उचल, ५००.
येणे: अविनाश काकांकडून अल्बमचे ३,५००, ते दुकानाचे.
समिधाकडून येणे: काही नाही. दोनदा तपासले.